शब्दचर्चा: गुडघ्याची टेस्ट ‘पॉझिटिव्ह’ आली, मराठीत काय म्हणायचं?

फिजिओच्या कागदावर असं लिहिलंय: ‘लॅकमन पॉझिटिव्ह, मॅकमरी निगेटिव्ह, व्हॅल्गस स्ट्रेस ३० अंशात पॉझिटिव्ह.’ हे घरच्या मोठ्यांना मराठीत समजावून सांगायचंय. ‘सकारात्मक’ म्हटलं की त्यांना वाटतं सगळं छान आहे, ‘होकारार्थी’ बोलताना कुणी वापरत नाही. मग शब्द कुठला घ्यावा? आणि स्पेशल टेस्टला ‘विशेष चाचणी’ म्हणतात का कुणी?

---

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच कागद लिहिते म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘विशेष चाचणी’ पुस्तकात चालेल, बोलताना आम्ही टेस्टच म्हणतो. मात्र ‘तपासणी’ आणि ‘चाचणी’ यात फरक ठेवावा असं मला मनापासून वाटतं. तपासणी म्हणजे सगळंच आलं, काय झालं ते विचारणं, चाल बघणं, सूज बघणं, हात लावून कुठे दुखतं ते शोधणं. चाचणी म्हणजे त्यातला एक ठरावीक प्रयोग, एकाच रचनेवर ताण देऊन ती काय करते ते बघायचं.

आता पॉझिटिव्ह. या शब्दाला एकच मराठी शब्द शोधू नका, कारण त्याच्या पोटात प्रत्येक टेस्टला वेगळी गोष्ट असते. लॅकमन घ्या. पेशंट पाठीवर झोपलेला, गुडघा २० ते ३० अंश वाकवलेला, मी एका हाताने गुडघ्याच्या वर मांडी घट्ट धरते आणि दुसऱ्या हाताने नडगीचं हाड मागून पकडून पुढे ओढते. चांगल्या गुडघ्यात हाड जरासं पुढे येतं आणि दोर एकदम ताणला जावा तसं खट्कन अडतं. एसीएल, म्हणजे नडगीचं हाड पुढे सरकू न देणारं गुडघ्याच्या आतलं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा दोर), तुटलं असेल तर हाड जास्त पुढे येतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेवटचा तो अटकावच हाताला लागत नाही, नुसतं मऊ मऊ लागतं. दुसऱ्या पायाची तीच टेस्ट करून ताडून बघायचं, कारण काही माणसांचे दोन्ही गुडघे मुळातच सैल असतात. म्हणजे इथे पॉझिटिव्ह म्हणजे ‘सैल’. दुखलं की नाही याचा इथे संबंध नाही.

(हे नाव फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या जॉन लॅकमन यांचं, टेस्ट छापून आणली १९७६ साली त्यांचे सहकारी जोसेफ टॉर्ग यांनी. त्याआधी गुडघा ९० अंशात वाकवून ओढायची ड्रॉवर टेस्ट होतीच, पण ताज्या सुजलेल्या गुडघ्याला ९० अंश वाकवणार कसं, आणि मांडीच्या मागचे स्नायू आवळून धरतात ते वेगळंच.)

मॅकमरीत उलट. ही टेस्ट गुडघ्यातल्या गादीची, म्हणजे मेनिस्कसची. तिथे गुडघा पूर्ण वाकवून पाऊल फिरवत फिरवत सरळ करतो आणि सांध्याच्या फटीवर बोट ठेवून बघतो, खटका जाणवतो का, तिथेच दुखतं का. नुसता खटका, दुखणं काहीच नाही, असं चांगल्या गुडघ्यातही होतं. तेव्हा मराठीत ‘फिरवताना आतल्या बाजूला खटकतं आणि तिथेच दुखतं’ असं लिहिलं की कुणाचा गोंधळ होत नाही.

---

मग प्रत्येक ठिकाणी वाक्यच लिहायचं का? एका शब्दात काम होत असेल तर वाक्य कशाला?

---

हो, वाक्यच. का ते थॉम्प्सन टेस्टवरून कळेल. पेशंटला पालथं झोपवायचं, पावलं टेबलाच्या कडेबाहेर, आणि पोटरी हाताने दाबायची. पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर, म्हणजे अकिलिस टेंडन, शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली झुकतं. तुटलेलं असेल तर पाऊल ढिम्म हलत नाही, आणि या न हलण्यालाच पॉझिटिव्ह म्हणतात! म्हणजे काहीच झालं नाही की टेस्ट पॉझिटिव्ह. नवीन विद्यार्थी इथे हमखास उलटं लिहून बसतात, आणि पुढचा माणूस तो कागद वाचून पेशंटला ‘घोटा मुरगळलाय, बर्फ लावा’ सांगून घरी पाठवू शकतो. शिवाय अकिलिस तुटलेला माणूस इतर स्नायूंच्या जोरावर पाऊल थोडं खाली करून दाखवतो, चालतो पण लंगडत, त्यामुळे निदान चुकायला आणखी वाव. म्हणून मी ‘पोटरी दाबल्यावर पाऊल हलत नाही’ एवढंच लिहिते. याला सिमंड्स टेस्टही म्हणतात, त्यांनी १९५७ साली लिहिलं आणि थॉम्प्सन यांनी १९६२ साली.

गुडघ्याची वाटी सटकण्याच्या टेस्टमध्ये तर पॉझिटिव्ह म्हणजे भीती. वाटी बाहेरच्या बाजूला हलकेच सरकवली की पेशंट दचकून माझा हात धरतो, मांडी आवळतो. ‘धास्ती’ हा शब्द तिथे अगदी बरोबर बसतो. खुब्याच्या थॉमस टेस्टमध्ये पॉझिटिव्ह म्हणजे ‘आखडलेला’, एक गुडघा छातीशी घेतला की दुसरी मांडी टेबलावरून वर उचलली जाते. फेबरमध्ये, म्हणजे पायाचा चारचा आकडा करून गुडघा खाली दाबतात त्यात, कुठे दुखलं ते लिहिल्याशिवाय पॉझिटिव्हला काही अर्थच नाही. जांघेत दुखलं तर बोट खुब्याच्या सांध्याकडे, मागे माकडहाडाच्या वर बाजूला दुखलं तर कंबरेखालच्या सॅक्रोइलियाक सांध्याकडे.

तुमच्या कागदाचं मराठी मी असं करेन: ‘नडगीचं हाड पुढे जास्त सरकतं, एसीएल तुटलं असण्याची दाट शक्यता. गादी फाटल्याची खूण या टेस्टमध्ये दिसली नाही. गुडघा थोडा वाकवून बाहेरून आत दाब दिला की आतली बाजू उघडते, म्हणजे आतल्या बाजूच्या लिगामेंटलाही इजा आहे.’ आणि गादीच्या बाबतीत ‘दिसली नाही’ असंच लिहा, ‘गादी ठीक आहे’ लिहू नका, मॅकमरी निगेटिव्ह येऊनही गादी फाटलेली असू शकते.

---

खुब्याच्या ट्रेंडेलेनबर्ग टेस्टबद्दल पण सांगा ना. ‘उजवा पॉझिटिव्ह’ म्हणजे कुठली बाजू कमजोर? आणि पेशंटला ट्रेंडेलेनबर्गमध्ये ठेवा असंही ऐकलंय ऑपरेशन थिएटरमध्ये, ते हेच का?

---

नाही, ते वेगळं. ते डोकं खाली आणि पाय वर करून झोपवणं. माणूस एकच, जर्मन सर्जन फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबर्ग, पण त्यांच्या नावाची खुब्याची खूण आहे, ती चाल आहे, झोपवायची स्थिती आहे आणि पायाच्या फुगलेल्या शिरांची एक टेस्टसुद्धा आहे. म्हणून नुसतं नाव कधीच लिहू नये.

खुब्याच्या टेस्टमध्ये पेशंट एका पायावर उभा राहतो. उजव्या पायावर उभं राहिल्यावर कंबरेची डावी बाजू खाली पडली तर कमजोरी उजव्या खुब्याच्या स्नायूंची, कारण कंबर तोलून धरायचं काम उभ्या पायाच्या बाजूचं. घसरताना दिसते डावी, दोष उजवीचा. दोन्ही बाजू लिहा, ‘उजव्यावर उभं राहिल्यावर डावीकडे कंबर पडते’, लांबलं तरी चालेल.

जाता जाता, पेशंट ‘कंबर’ म्हणतो तेव्हा त्याला खुबा म्हणायचं असतं, आणि ‘खुबा’ म्हणून हात ठेवतो तो बाहेरच्या हाडावर. सांधा तर जांघेच्या आत खोल. आधी बोट ठेवायला सांगायचं, मग शब्द लिहायचा. ‘नस’चंही तसंच. लिगामेंट, टेंडन, खरी नस, रक्ताची शीर, सगळ्याला बोलताना नसच म्हणतात. ऐकून घ्यावं, कागदावर मात्र वेगळं लिहावं.

---

आणि घोटा? पाय मुरगळला की लगेच टेस्ट करतात का?

---

लगेच आधी हाड बघतात. त्यासाठी ओटावाचे नियम आहेत, इयन स्टील यांच्या गटाने १९९२ साली मांडलेले. घोट्याच्या भागात दुखत असेल आणि घोट्याच्या दोन्हीकडच्या हाडांच्या मागच्या कडेला खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये किंवा टोकाला दाबून दुखत असेल, किंवा इजा झाल्याबरोबर आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे. हे नियम मुद्दाम असे केलेत की हाड मोडलेला माणूस सहसा सुटू नये, मग न मोडलेल्या काहींचा एक्स-रे झाला तरी हरकत नाही. याला पुस्तकात ‘संवेदनशीलता’ म्हणतात. मला ‘सुटू न देणारी’ जास्त कळतं, आणि उलट गुणाला ‘उगाच न अडकवणारी’. सुटू न देणारी टेस्ट निगेटिव्ह आली की निश्चिंत व्हावं, उगाच न अडकवणारी पॉझिटिव्ह आली की विश्वास ठेवावा.

लिगामेंटची घोट्यातली ड्रॉवर टेस्ट मात्र पहिल्या दिवशी फार भरवशाची नसते, सूज आणि दुखण्याने पेशंट पाय आवळून धरतो आणि सैलपणा हाताला लागत नाही. ४-५ दिवसांनी परत केली की चित्र स्पष्ट होतं. तेव्हा पहिल्या दिवशी ‘निगेटिव्ह’ लिहू नका, ‘सुजेमुळे नीट तपासता आलं नाही, ४-५ दिवसांनी परत’ असं लिहा आणि त्या दिवशी पेशंटला नक्की बोलवा.