प्रतिसाद: तीन पत्तीची सवय आणि पोकर

"तीन पत्ती येते, मग पोकरला वेगळं काय शिकायचं?" असं वर एका भाऊंनी विचारलं आहे. आपल्या नागपुरात पोळ्याला आणि दिवाळीला तीन पत्ती खेळत मोठं झालेल्यांची गडबड इथेच होते. तीन पानांत सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) कलरला (एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशी पानं) मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. कारण सरळ आहे, जे कमी वेळा जमतं ते वरचं: तीन पानांत साधे सिक्वेन्स ७२० प्रकारे जमतात, कलर १०९६ प्रकारे. पाच पानांत सिक्वेन्स १०,२०० होतात, कलर फक्त ५,१०८. ट्रेल (एकाच नंबरची तीन पानं) तर पोकरमध्ये दोघांच्याही खाली येतो.

दुसरी सवय ब्लाइंड चाल, म्हणजे पानं न बघताच चाल, खेळण्याची. ती घरीच ठेवा. सुरुवातीला बहुतेक हात (वाटून आलेली पानं) टाकूनच द्यावे लागतात, आणि तोच खरा अभ्यास आहे. शेवटी बोलायची जागा मिळाली तर थोडी कमजोर पानंही चालतात, कारण बाकीच्यांनी काय केलं ते तुम्हाला आधीच दिसतं.

हिशेब करायला शिका. समजा बदामची चार पानं जमली आहेत, एकच पान उघडायचं आहे. तुमची दोन आणि टेबलावरची चार पानं सोडून उरलेल्या ४६ पानांत बदाम ९, म्हणजे साधारण २० टक्के. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) २०० चिप्स असताना समोरच्याने १०० लावले, तर कॉल (तेवढेच लावून खेळात राहणं) परवडायला २५ टक्के हवेत, कारण एकूण ४०० मध्ये तुमचे १००. पुढे आणखी चिप्स मिळायची आशा नसेल तर पानं टाका, कितीही जीव गुंतला असला तरी.

आणि सराव बिनपैशाच्या चिप्सवरच करा, ही कळकळीची विनंती.