नागपूरहून दौऱ्यावर: वाद्यं, वीज, गाडी आणि बिदागी

स्वतःची गाणी घेऊन, कुठल्या कंपनीच्या आधाराशिवाय गावोगावी कार्यक्रम करणारे नागपुरात आता बरेच झालेत. मुंबई-पुण्याचे सल्ले आपल्याला अर्धेच लागू पडतात. आपला उन्हाळा वेगळा, अंतरं वेगळी, मांडवातली वीजही वेगळी. म्हणून हा धागा. किस्से पुन्हा कधी सांगू. इथे काय करता, किती करता आणि का करता ते लिहा, म्हणजे पहिल्यांदा निघणाऱ्या पोरापोरींना ते तसंच्या तसं वापरता येईल.

गायक-गिटारवादक, प्रतापनगर

आधी मार्ग. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ आपल्याकडे एकमेकांना छेदतात, त्यामुळे चारही दिशांना दौरा आखता येतो. पश्चिमेला अमरावती-अकोला-जळगाव, पूर्वेला भंडारा-दुर्ग-रायपूर, दक्षिणेला आदिलाबादवरून हैदराबाद. एका दौऱ्यात एकच दिशा धरा आणि दोन कार्यक्रमांतलं अंतर २५० किमीच्या आत ठेवा. चांगल्या बिदागीचा कार्यक्रम सगळ्यात लांबच्या टोकाला पक्का करा, मग वाटेतली छोटी कॅफे आणि कॉलेजं भरा. उलट केलं तर छोट्या कार्यक्रमांची कमाई डिझेलमध्येच जाते.

आता गिटार. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना उभ्या गाडीच्या बंद डिक्कीत पारा ६० च्या वर जातो. त्या उष्णतेत ब्रिजखालचा (तारा जिथे अडकवतात त्या पट्टीखालचा) गोंद मऊ पडतो आणि तारांचा ताण ब्रिजला वर ओढतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. आत शिरलं तर ब्रिज सुटायला लागलाय, त्याच दिवशी तारा सैल करून कारागिराकडे न्या. जेवायला थांबलात तरी गिटार सोबत उतरवायची.

कूलरकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. कूलरच्या खोलीत हवा दमट असते, बाहेर कोरडीठाक आणि एसी डब्यातही कोरडी. लाकूड फुगतं, आकसतं आणि वरच्या पाटीला चीर जाते. गिटार कूलरच्या खोलीत उघडी ठेवू नका. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक टाका, ४५ ते ५५ टक्के राहिले पाहिजेत. कमी झाले की भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवायचा, तो रोज बघायचा. थेंब गळता कामा नये.

तबलावादक, महाल

कूलरचं तबल्यालाही लागू आहे. दमट हवेत चामडं सैल पडून स्वर उतरतो, उन्हाच्या कोरडेपणात चढतो. दौऱ्यावर दोन तबले न्या: काळी एकसाठी (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरासाठी) सव्वापाच-साडेपाच इंची तोंडाचा आणि काळी पाचसाठी सहा इंचांच्या आसपासचा. एकच तबला एवढा चढवत-उतरवत राहिलात तर पुडी (तोंडावरचं चामडं) लवकर जाते. जास्तीची पुडी नेण्यात अर्थ नाही, कारण ती चढवून स्वरात बसायला जो वेळ लागतो तो कार्यक्रमाच्या दिवशी मिळत नाही.

प्रवासात गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) थोडे वर घ्या, म्हणजे उन्हाने स्वर चढला तरी पुडी फाटत नाही. पोचल्यावर पिशवीतून काढून निदान अर्धा तास हॉलच्या हवेत ठेवा आणि मगच हातोडी हातात घ्या. आधी गठ्ठ्यांनी स्वराच्या जवळ आणायचं, मग गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) समोरासमोरच्या घरांत हलके ठोके. पावसात सैल पडलाच तर हॅलोजनपासून दोन हात लांब धरून फिरवत राहा. ऊब चामड्याला लागली पाहिजे, शाईला (मधल्या काळ्या गोलाला) नको. शाई तापली की तिचे कण सुटतात आणि मग गूंज परत येत नाही.

हार्मोनियम आणि कीबोर्ड, धरमपेठ

जुनी हार्मोनियम ४४० हर्ट्झला (हल्लीच्या प्रमाण सुराला) जुळलेली असेलच असं नाही. ट्यूनरवर बघा, किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर-खाली आहे ते टिपून ठेवा आणि कीबोर्ड तेवढाच सरकवा. हार्मोनियम हलवता येत नाही, कीबोर्ड हलतो. प्रवासात भात्याची कडी लावलेली हवी. सूर अचानक मुका झाला तर बहुतेक वेळा सुरीखाली (आतल्या रीडखाली) धुळीचा कण अडकलेला असतो. पातळ कागदाची पट्टी सुरीखालून एकदा सरकवायची, सुरी वाकवायची नाही.

साउंड बघणारा, मानेवाडा

मी जरा सविस्तर लिहितो, कारण तालुक्याच्या गावी सगळ्यात जास्त नुकसान विजेनेच होतं.

स्टेजवर काहीही जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ दहाच्या पुढे गेलं तर अर्थिंग ढिलं आहे किंवा न्यूट्रल सैल आहे. मांडववाल्याला प्रेमाने सांगा, पण ते दुरुस्त होईपर्यंत प्लग घालू नका. सैल न्यूट्रल सगळ्यात धोक्याचा. तो तुटला की ज्या फेजवर भार कमी, त्यावर व्होल्टेज ३०० च्या पुढे चढू शकतं, आणि सहसा तो कमी भाराचा फेज आपल्या साउंडचाच असतो, कारण दिवे दुसऱ्यावर असतात. कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर आणि मिक्सरचा सप्लाय क्षणात जातो. जनरेटरवर बदली होते तेव्हाही हेच घडतं. म्हणून आधीच विचारा, बदली कोण करणार? बदलीच्या वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवा आणि नंतर पुन्हा मोजा.

हमिंग (स्पीकरमधून सतत घूं घूं) आली की पुष्कळ जण प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. असं कधीही करू नका. गायकाचे ओठ माइकला आणि हात गिटारच्या तारांना लागलेले असतात, दोन्हींत व्होल्टेजचा फरक असेल तर झटका त्याच्या अंगातून जातो. हमिंग डीआय बॉक्सच्या (वाद्य मिक्सरला जोडायच्या छोट्या डबीच्या) ग्राउंड लिफ्टने, म्हणजे सिग्नल केबलचं अर्थ तोडणाऱ्या बटणाने, घालवायची. स्टेजवरचा सगळा साउंड एकाच फेजवरून, एकाच बोर्डातून घ्या म्हणजे निम्मी हमिंग येतच नाही.

आमच्या सामानाच्या पेटीत असतं ते असं: डीआय बॉक्स तीन, एक्सएलआर (माइकच्या) केबल गरजेपेक्षा चार जास्त, १६ अँपियरचं २० मीटर एक्स्टेन्शन, १६ ते ६ अँपियरचे कन्व्हर्टर, गॅफर टेप, सोल्डरिंग आयर्न, ९ व्होल्टच्या नव्या बॅटऱ्या. अ‍ॅक्टिव्ह डीआय आणि कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फॅन्टम सप्लाय (मिक्सरकडून माइकच्या केबलमधूनच येणारी वीज) लागतो. गावातल्या लहान मिक्सरवर तो सगळ्या चॅनेलला एकाच बटणावर असतो, म्हणून बटण दाबण्याआधी आवाज खाली घ्या.

चॅनेलची यादी आठवडाभर आधी पाठवा. दोन गायक, गिटार, बेस, कीबोर्ड स्टिरिओ, तबला-डग्गा आणि काहोन (वर बसून वाजवायची लाकडी पेटी) धरले तर नऊ चॅनेल होतात, तेव्हा बारा चॅनेलचा मिक्सर मागा. आणि वेळ बघा. उघड्या मैदानावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, शासनाने सवलत दिलेले वर्षातले मोजके दिवस सोडून. तुमची महत्त्वाची गाणी साडेनऊच्या आत यायला हवीत. शेवटी ठेवली तर सत्कार-भाषणं वेळ खातात आणि गाणी राहतात.

गायिका, लक्ष्मीनगर

सावजी आणि तर्री कार्यक्रमानंतर. तिखट-तेलकट खाऊन लगेच गायलं किंवा आडवं झालं की आम्ल वर येतं आणि स्वरयंत्र सुजतं, दुसऱ्या दिवशी वरचे सूर लागत नाहीत. आयोजक आग्रह करतातच, तेव्हा जेवण नंतर हवं हे पत्रातच लिहून टाका, तोंडावर नाही म्हणायला जड जातं. गाण्याआधी दोन-अडीच तास हलकं जेवण. पाणी दिवसभर घोट घोट, कारण स्टेजवर जाताना प्यायलेलं पाणी स्वरयंत्रापर्यंत पोचलेलं नसतं.

गाडी आणि मुक्काम बघणारा, वर्धमाननगर

समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा, ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला. वेळ वाचतो, पण सरळ रस्त्यावर डोळा लागतो आणि तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर फुटतात. गाडी निघण्याआधी, टायर थंड असतानाच त्यातली हवा तपासा. लादलेल्या गाडीला जास्त प्रेशर लागतं, त्याचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेला असतो. रात्री दहाला कार्यक्रम संपला तरी सामान भरेपर्यंत बारा वाजतात. तिथून निघू नका, मुक्कामाचे पैसे बिदागीतच धरा.

रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीत माणशी ४० किलो सामान मोफत, पण सामानाच्या पेटीची सर्वसाधारण मर्यादा १०० × ६० × २५ सेंमी आहे. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड कसाबसा बसतो, ८८ पट्ट्यांचा नाही. तो त्या गावातूनच भाड्याने ठरवा. विमानात पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच लागतात.

हिशेब ठेवणारी, खामला

निम्मी रक्कम तारीख ठरताना, उरलेली साउंड चेकच्या वेळी. प्रवास आणि मुक्काम वेगळे लिहा. सात दिवसांच्या आत रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत नाही, हेही लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही बाजूंचं 'मान्य' आलं तरी निदान पुरावा राहतो. टीडीएस (बिदागीतूनच कापलेला आयकर) कापला असेल तर तो आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत (२६एएस) दिसतोय का ते तिमाहीला बघा, दिसत नसेल तर आयोजकाला तेव्हाच कळवा. जीएसटीबद्दल एक: लोककला किंवा शास्त्रीय सादरीकरणाला एका कार्यक्रमाचे दीड लाखापर्यंत सूट आहे, पण स्वतःच्या पॉप-रॉक गाण्यांना ती लागत नाही.

स्वतः रचलेली गाणी गाता ना, मग आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. मग कार्यक्रमाची गाण्यांची यादी तारीख आणि ठिकाणासह जपून ठेवा. कोणतं गाणं कुठे वाजलं हे दाखवायला हाच कागद कामी येतो.