पोर्ट्रेट लाइटिंग इफेक्ट लावला की कपाळ चमकतं, केस कापले जातात – चूक सेटिंगची की उजेडाची?

चौकट

घरात बसवून माणसांचे छातीपासून वरचे पोर्ट्रेट काढायचे आहेत. प्रोफाइलला लावता येतील, जमल्यास छापून फ्रेमही करता येतील असे. हाताशी दोन फोन आहेत: मागे दोन लेन्स असलेला आयफोन आणि गूगलचा एक पिक्सेल. दिवसा खिडकीचा उजेड मिळतो, रात्री छताजवळची ट्यूबलाइट.

अडचणी अशा आहेत. आयफोनवर 'स्टुडिओ लाइट' लावला की चेहरा उजळतो, पण कपाळ आणि नाकाचा शेंडा तेल लावल्यासारखा पांढरा पडतो. 'कंटूर लाइट'ने डोळ्यांखाली काळं येतं आणि माणूस आजारी दिसतो. 'स्टेज लाइट'ने मागचं सगळं काळं होतं, पण कुरळ्या केसांची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते, कधी कानही अर्धा गायब होतो. पिक्सेलवर गूगल फोटोजमध्ये 'पोर्ट्रेट लाइट' आहे. तिथे उजेडाचा गोल कुठे ठेवायचा याचा अंदाज येत नाही. नाकाची सावली एकीकडे पडते आणि उजळलेला गाल भलतीकडेच येतो.

कुठला इफेक्ट कधी वापरायचा आणि किती? की आधी खरा उजेडच सुधारायला हवा?

कवडसा

आधी खरा उजेड. तुमच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच आहे, कारण हे इफेक्ट नवा प्रकाश टाकत नाहीत. फोन चेहरा ओळखतो, माणूस आणि पार्श्वभूमी यांचा डेप्थ मॅप (कुठली गोष्ट किती लांब आहे याचा नकाशा) बनवतो आणि त्याच्या आधारे चेहऱ्याचे काही भाग उजळ, काही गडद करतो. मुळात जे आहे तेच ठळक होतं. कपाळावर चकाकी असेल तर स्टुडिओ लाइट ती वाढवणार. भुवयांची सावली डोळ्यांत पडली असेल तर कंटूर ती आणखी काळी करणार.

ट्यूबलाइटखाली नेमकं हेच होतं. दिवा डोक्यावर असला की कपाळ, नाक आणि गालांची वरची बाजू उजळते. डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली अंधार राहतो. अशा चेहऱ्यावर कंटूर लावूच नका. माणसाला दिव्याच्या बरोबर खालून काढून ४-५ फूट मागे बसवा आणि तोंड दिव्याकडे करा, म्हणजे उजेड समोरून तिरपा येईल. मग मांडीवर किंवा छातीच्या खाली, फ्रेमच्या बाहेर, मोठा पांढरा कागद आडवा धरायला सांगा. डोळ्यांखालची सावली तिथेच अर्धीअधिक विरते.

खिडकी असेल तर काम सोपं. माणूस खिडकीपासून ३ ते ४ फुटांवर, चेहरा खिडकीकडे साधारण ४५ अंशांत वळलेला. खोलीतले दिवे बंद. हे बंद करणं लोक टाळतात आणि तिथेच फसतात: उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जास्त तितका निळसर. खिडकीचा उजेड साधारण ५५०० ते ६५०० केल्विन, पिवळा बल्ब २७०० ते ३०००. एक गाल निळसर, दुसरा पिवळा अशा चेहऱ्यावर कुठलाही इफेक्ट लावा, दोन रंग तसेच राहतात. फोनचा व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून फोन करतो ती जुळवणी) दोघांच्या मधला कुठला तरी आकडा धरतो आणि कुठलीच बाजू बरोबर दिसत नाही.

बसायची जागा ठरवण्याची एक पद्धत सांगतो, मॉडेल येण्याआधी करता येते. जिथे चेहरा असेल तिथे स्वतःची मूठ धरा आणि मनगट हळूहळू फिरवा. बोटांच्या सांध्यांच्या सावल्या बघा. सावलीची कड धारदार असेल तर उजेड कडक आहे. खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढा. कड हळूहळू विरत जात असेल तर जागा चांगली आहे. सांध्यांवर पांढरे चकाकणारे ठिपके दिसले तर नेमके तसेच ठिपके कपाळावर येणार आहेत.

आता एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ निघणार ते. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. मग बाजूला दिसणारं सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढा, साधारण −०.३ ते −०.७. कपाळावर फक्त पांढरा रंग नोंदला गेला असेल तर त्यातून त्वचेचा पोत परत येत नाही. हायलाइटचा स्लायडर ओढला तर तो डाग राखाडी होतो एवढंच. काळोखा भाग मात्र नंतर बराच उचलता येतो. म्हणून थोडं गडद काढून नंतर स्टुडिओ लाइटने उजळवणं हा क्रम बरोबर. अगदी चकाकणारी त्वचा असेल तर टिश्यू पेपर कपाळावर आणि नाकावर दाबून घ्या, घासू नका. हे दहा सेकंदांचं काम कुठल्याही स्लायडरपेक्षा जास्त उपयोगी आहे.

इफेक्टची तीव्रता: पोर्ट्रेट मोडमध्ये षटकोनी चिन्हावर टॅप केलं की स्लायडर येतो. स्टुडिओ लाइट पूर्ण ताकदीने कधीही ठेवू नये असं माझं मत आहे. पार शून्यावर न्या, तिथून वर आणा आणि त्वचेची रंध्रं पुसट व्हायला लागली की थांबून थोडं मागे या. बहुतेक चेहऱ्यांना २० ते ४० पुरतात. सावळ्या त्वचेवर त्याहूनही कमी. जास्त केलं की रंग उजळत नाही, राखेसारखा फिका पडतो.

तिपाई

कवडसा यांच्याशी सहमत. डेप्थ मॅपबद्दल थोडी भर, कारण केस आणि कानाचं दुखणं तिथलं आहे.

दोन लेन्स एकच दृश्य किंचित वेगळ्या जागेवरून बघतात; त्या फरकावरून कुठली गोष्ट किती लांब आहे ते फोन काढतो. पुढच्या कॅमेऱ्यावर फेस आयडी असेल तर तिथे इन्फ्रारेड ठिपक्यांची मदत मिळते. दोन्ही प्रकारांत बनणारा डेप्थ मॅप फोटोच्या मानाने फारच कमी पिक्सेलांचा असतो. एकेक केस त्यात मावत नाही, म्हणून सॉफ्टवेअर कडेचा अंदाज बांधतं. केसांमागे तशाच रंगाची भिंत किंवा बारीक नक्षीचा पडदा असला की अंदाज चुकतो. ब्लर कमी ठेवला तर चूक लपते, स्टेज लाइटमध्ये मात्र पार्श्वभूमी थेट काळी होते, त्यामुळे प्रत्येक चूक उघडी पडते.

यावर उपाय म्हणजे स्टेज लाइटला कमीत कमी काम शिल्लक ठेवणं. माणसाच्या मागे ६ ते ८ फूट मोकळी जागा आणि त्यापलीकडे शक्य तितका अंधार: उघडा दरवाजा आणि मागची अंधारी खोली, किंवा काळी चादर. चादर पाठीला चिकटून नको. खिडकीचा उजेड तिच्यावर पडला तर ती राखाडी दिसते. काळे केस काळ्या पार्श्वभूमीत मिसळतात ही पुढची अडचण. त्यासाठी मागून एका बाजूने छोटा दिवा केसांवर पडेल असा ठेवा, फ्रेममध्ये न येता. केसांच्या कडेला उजळ रेघ उमटली की फोनलाही कड सापडते आणि बघणाऱ्यालाही. स्क्रीनवर गोल दिसतो त्यात चेहरा नीट बसवा. खुर्चीची पाठ खांद्यामागून डोकावत असेल तर स्टूल घ्या, नाहीतर तिचे तुकडे हवेत तरंगताना दिसतील.

अंतरही महत्त्वाचं. आयफोनच्या पोर्ट्रेट मोडला माणूस साधारण २ ते ८ फुटांमध्ये लागतो. पण २ फुटांवरून काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हा लेन्सचा दोष नाही, अंतराचा परिणाम आहे. ४ ते ५ फुटांवर उभे राहा आणि फोनला २ एक्स (टेलिफोटो) लेन्स असेल तर ती वापरा. उजेड कमी असेल तर मात्र १ एक्सवर या. टेलिफोटोचा सेन्सर सहसा लहान आणि अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) अरुंद, त्यामुळे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढतो, फोटोत दाणे येतात आणि स्टुडिओ लाइट त्या दाण्यांनाही उजळवतो. गालावर रंगीत चट्टे दिसतात ते हेच.

ब्लरचा एफ आकडाही तपासा; तो जितका लहान तितकी पार्श्वभूमी जास्त धूसर. आयफोनवर तो १.४ ते १६ असा ओढता येतो. १.४ वर कान विरघळतात. ४ ते ५.६ मध्ये केसांची कड सुसह्य राहते.

आयफोन एक्सआरच्या मागच्या कॅमेऱ्यावर नॅचरल, स्टुडिओ आणि कंटूर एवढेच तीन इफेक्ट आहेत. तिथे स्टेज लाइट शोधत बसू नये.

सांजसावली

पिक्सेलच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते.

गूगलचा पोर्ट्रेट लाइट २०२० मध्ये पिक्सेल ५ आणि ४ए ५जी बरोबर आला आणि तो आयफोनच्या इफेक्टपेक्षा वेगळ्या पायावर उभा आहे. त्यामागच्या एआय मॉडेलला शिकवण्यासाठी ६४ कॅमेरे आणि ३३१ स्वतंत्र एलईडी असलेल्या गोलाकार सांगाड्यात माणसं बसवून, एकेक दिवा लावत फोटो घेतले गेले. त्यामुळे 'या दिशेने दिवा लागला तर गाल कसा उजळेल' याचा त्याला बराच चांगला अंदाज आहे. पण गोल सरकवल्यावर तो उजेड वाढवतो. तेवढ्याने आधी पडलेली सावली पुसली जात नाही. तुमची नाकाची सावली आणि उजळलेला गाल जुळत नाहीत ते यामुळेच.

म्हणून गोल नेहमी खऱ्या दिव्याच्याच बाजूला ठेवायचा. खरा दिवा कुठे होता ते फोटोच सांगतो: झूम करून डोळ्याच्या बुबुळातला पांढरा ठिपका बघा. घड्याळाच्या काट्यांनुसार तो १० वर असेल तर गोलही डाव्या वरच्या कोपऱ्याकडे न्या. ठिपका सापडला नाही तर नाकाच्या सावलीच्या विरुद्ध बाजूला. मग स्लायडर ३० च्या आसपास. सावलीकडची बाजू फारच काळी असेल तर गोल खऱ्या दिव्याच्या बाजूकडून चेहऱ्याच्या मध्याकडे थोडा सरकवा, पण पलीकडे नेऊ नका.

त्याच एडिट मेनूत ब्लर आणि पोर्ट्रेट लाइट हे वेगवेगळे आहेत. पोर्ट्रेट लाइट साध्या मोडमध्ये काढलेल्या फोटोवरही चालतो. पिक्सेल कधी कधी फोटो काढतानाच तो आपोआप लावतो; चेहरा विनाकारण उजळलेला वाटला तर एडिटमध्ये जाऊन आधी तो शून्यावर आणा.

कंटूरबद्दल माझं मत कवडसा यांच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. खिडकी बाजूला असेल आणि दूरच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडला असेल, ज्याला रेम्ब्राँट लाइटिंग म्हणतात, तर १५-२० वर ठेवलेला कंटूर खूप सुंदर बसतो. दाढी असलेल्या चेहऱ्याला जबड्याची रेघ मिळते. गोल, मऊ चेहऱ्यावर किंवा वय झालेल्या त्वचेवर मात्र नको, प्रत्येक सुरकुती खणल्यासारखी दिसते. त्रिकोण नसेल तर कंटूरचा विचारच सोडा.

चौकट

छान माहिती, तिघांचेही आभार. दोन शंका उरल्या. चष्मा असलेल्यांचं काय करायचं? चष्म्याच्या काड्या ब्लरमध्ये तुटतात आणि काचेत खिडकी दिसते. आणि रात्री एकच ट्यूबलाइट असेल तर दुसऱ्या फोनचा टॉर्च वापरावा का?

कवडसा

चष्मा: काड्यांची मागची टोकं कानावरून किंचित वर उचला, म्हणजे काचा दोन-तीन मिलिमीटर खाली झुकतात आणि प्रतिबिंब लेन्सच्या खाली निघून जातं. समोरून फरक कळत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर हनुवटी थोडी खाली, किंवा दिवा अजून बाजूला. काडी तुटते तिथे एफ आकडा ५.६ ते ८ करा. काचेतून दिसणारा गालाचा भाग आणि बाहेरचा गाल यांच्यात इफेक्ट वेगवेगळा लागला असेल तर तीव्रता कमी करण्याखेरीज उपाय नाही.

टॉर्च: थेट मुळीच नको, तो ठिपक्याएवढा उजेड आहे, नाकाची सावली चाकूसारखी पडते. पुढे ट्रेसिंग पेपर लावायचा असेल तर फोनला चिकटवून काही मिळत नाही, कारण उजेडाचा आकार तेवढाच राहतो. कागद टॉर्चपासून ६ ते ८ इंच दूर धरा, म्हणजे पूर्ण कागद उजळेल आणि तोच दिवा होईल. तो चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर, डोळ्यांपेक्षा थोडा वर आणि एका बाजूला. दुसऱ्या कुणी तरी धरायला हवा. टॅबलेट असेल तर पूर्ण पांढरी स्क्रीन कमाल ब्राइटनेसवर, तेवढ्याच अंतरावर. हा उजेडही मऊ पडतो. दोन्ही वेळा ट्यूबलाइट बंद करून बघा, रंग जुळतात का ते लगेच कळेल.

रात्री फोटोत आडवे गडद पट्टे दिसले तर तो दिव्याचा लुकलुकाट आहे. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो. प्रो मोड असलेल्या अ‍ॅपमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातात.

तिपाई

फोटो दुसऱ्याला पाठवणार असाल तर एक लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटोच्या रूपात गेलेल्या प्रतीत डेप्थची माहिती उरत नाही, समोरच्याला इफेक्ट बदलता येत नाही. एअरड्रॉप करताना पर्यायांमध्ये 'सर्व फोटो डेटा' चालू केला तर सगळं जातं. म्हणून मूळ फोटो डिलीट करू नका. पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेल्यावर इफेक्ट केव्हाही बदलता किंवा काढून टाकता येतो. आयफोन १५ पासून साध्या फोटो मोडमध्येही समोर माणूस दिसला की डेप्थ साठवली जाते आणि नंतर एडिटमध्ये पोर्ट्रेट करता येतं. जुन्या फोनवर मात्र आधीपासून पोर्ट्रेट मोडमध्येच असायला हवं.

आणि प्रत्येक वेळी काढण्याआधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. बोटाचा तेलकट थर असला की खिडकीचा उजेड पसरून अख्ख्या चेहऱ्यावर धुकं येतं, केसांची कड पुसट होते आणि डेप्थ मॅपही तिथेच चुकतो.