हॅश बॅशचं वार्तांकन करायचंय: आकडा, नावं, फोटो, व्हिसा

नवखी_बातमीदार
नमस्कार मंडळी. अमेरिकेत ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे आणि विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रासाठी बातम्या करते. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी डायॅगवर, म्हणजे आवारातल्या मोकळ्या चौकात, होणाऱ्या हॅश बॅशची (गांजाला मोकळीक मागणाऱ्या वार्षिक मेळाव्याची) मुख्य बातमी या वर्षी माझ्याकडे आहे. सोबत एक छायाचित्रकार, मजकूर ८०० शब्द, संध्याकाळी ६ ला डेस्ककडे. जुन्या बातम्या वाचल्या, तर बहुतेकांत तेच ते: धूर, रंगीबेरंगी कपडे, "हजारोंची गर्दी". मला गर्दीचा आकडा नीट काढायचाय. ओढणाऱ्यांची नावं आणि चेहरे छापावेत का? कायद्याबद्दल नेमकं काय लिहावं? आणि मी एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहे, तर तिथे उभं राहून बातमी करण्यात काही धोका आहे का?

डेस्कवरचा_माणूस
आधी इतिहास, कारण चुका तिथेच जास्त होतात. कवी आणि कार्यकर्ते जॉन सिंक्लेअर यांना दोन जॉइंट (गांजाच्या सिगारेटी) साध्या वेषातल्या पोलिसाला दिल्याबद्दल १९६९ मध्ये दहा वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. १० डिसेंबर १९७१ ला ॲन आर्बरच्या क्रिसलर अरीना या स्टेडियममध्ये त्यांच्या सुटकेसाठी मोठी सभा झाली, तिथे बीटल्सवाला जॉन लेनन गायला आणि तीन दिवसांनी सिंक्लेअर सुटले. ९ मार्च १९७२ ला मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली आणि तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. नवा कायदा १ एप्रिल १९७२ ला लागू झाला आणि त्याच दिवशी पहिली हॅश बॅश भरली. लेनन हॅश बॅशला आला होता, असं लिहिलेलं अनेकदा दिसतं. ते चूक आहे. तो आला डिसेंबरच्या सभेला.

"कितवी" हा दुसरा खड्डा. पहिली १९७२ ला, म्हणून २०२२ ला पन्नास वर्षं झाली, पण दरवर्षीची मोजली तर ती एक्कावन्नावी. त्यात २०२० आणि २०२१ ला करोनामुळे डायॅगवर मेळावा नव्हताच. मंचावरच्या फलकावर काहीही असो, तू "१९७२ पासून" लिही आणि मोकळी हो.

आता कायदा. माझ्या मते खरी बातमी इथेच आहे. नोव्हेंबर २०१८ च्या मतदानानंतर ६ डिसेंबर २०१८ पासून राज्यात २१ वर्षांवरच्या माणसाला अडीच औंसांपर्यंत, म्हणजे साधारण ७० ग्रॅम, गांजा जवळ बाळगता येतं. पण सार्वजनिक जागी ओढायला तेव्हाही बंदी होती, आजही आहे. त्यासाठी १०० डॉलरपर्यंत दिवाणी दंड आहे. विद्यापीठाच्या आवारात तर बाळगणंही चालत नाही, कारण १९८९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अमली पदार्थांना बंदी घातली नाही तर केंद्राचा निधी धोक्यात येतो. म्हणजे डायॅगवरचा माणूस विद्यापीठाच्या नियमाखाली आणि तोच माणूस चार पावलं चालून त्याच दिवशी भरणाऱ्या मन्रो स्ट्रीटच्या जत्रेत गेला की शहराच्या रस्त्यावर. शहराचाही स्वतंत्र इतिहास आहे: १९७२ मध्ये गांजासाठीचा दंड ५ डॉलरवर आणला, पुढच्या वर्षी ती तरतूद रद्द झाली, १९७४ मध्ये मतदारांनी ती थेट शहराच्या सनदेत घातली, १९९० मध्ये ५ चे २५ झाले. "आता सगळं कायदेशीर आहे" हे एक वाक्य लिहिलंस की हे सगळं पुसलं जातं.

एक बारकावा: राज्याच्या कायद्याच्या अधिकृत नावात 'मॅरिवाना' या गांजाच्या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्ये 'जे'ऐवजी 'एच' आहे. कायद्याचं नाव उद्धृत करताना तसंच ठेव, एरवी तुमच्या शैलीपुस्तिकेप्रमाणे. उपसंपादकाने "चूक" म्हणून दुरुस्त करू नये म्हणून वरती टीप लिहून पाठव.

मोजपट्टी
गर्दीसाठी जेकब्सची पद्धत वापरा. बर्कलीत पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी ती साठच्या दशकात मांडली. मोकळ्या गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाटीत साडेचार, अगदी अंगाला अंग लागलं असेल तर अडीच.

आदल्या दिवशी नकाशावर डायॅगचे सात-आठ तुकडे पाडून प्रत्येकाचं क्षेत्रफळ लिहून ठेवा. झाडं, बाक, फुलांचे वाफे वजा करायचे. हे विसरलं की आकडा हमखास फुगतो. समजा एक तुकडा ६० बाय ५० फूट, म्हणजे ३००० चौरस फूट. मोकळी गर्दी असेल तर ३०० माणसं, दाटी असेल तर सुमारे ६६५. एकाच तुकड्यात एवढा फरक पडतो, म्हणून दाटी ठरवताना उंचावरून बघा, गर्दीत उभं राहून सगळंच दाट वाटतं. १२, १२:३० आणि १ वाजता तीनदा मोजा. छापताना "दुपारी साडेबाराच्या सुमारास डायॅगवर अंदाजे अमुक" असं वेळेसकट लिहा. दिवसभरात येऊन गेलेल्यांचा आकडा या पद्धतीने निघत नाही. आयोजक तो सांगतील, तो त्यांच्या नावानेच द्या.

फोटोओळ
छायाचित्रकाराला दोन गोष्टी सांगा. घड्याळात १२ वाजले तरी एप्रिलमध्ये तिथे सूर्य सर्वात उंच नसतो, उन्हाळी वेळेमुळे दीडनंतर तिथवर पोचतो. बाराला तो आग्नेयेकडे असतो. मंच दक्षिणेला, हॅचर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, आणि वक्ते उत्तरेकडे तोंड करून. त्यामुळे वक्त्यांचे चेहरे सावलीत जातात. एक्स्पोजर चेहऱ्यावरून घ्या, आकाश पांढरं पडलं तर पडू द्या. धुराचं उलट आहे: समोरून उजेड पडला की तो दिसतच नाही. गर्दीच्या उत्तरेला उभं राहून ग्रंथालयाकडे कॅमेरा धरला की मागून येणाऱ्या उजेडात धूर उजळतो आणि सावलीतली भिंत गडद पार्श्वभूमी देते. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, लेन्सवर थर बसत नाही आणि डोकंही जागेवर राहतं.

फोटोओळीत "गांजा ओढताना" कधी लिहू नका, त्या माणसाने स्वतः नावानिशी तसं सांगितलं असेल तरच लिहा. हातातली गुंडाळी तंबाखूचीही असू शकते. "ओढताना" एवढं पुरतं. सार्वजनिक जागेत फोटो काढायचा हक्क आहे. छापायचा की नाही, हा निर्णय मात्र तुमचाच आहे. मोठ्या चौकटीतला, ओळखू येणारा, ओढणारा चेहरा असेल तर जाऊन विचारा: नाव, वय, विद्यार्थी असल्यास शाखा आणि वर्ष. वय २१ च्या आत असेल तर तो फोटो सोडा. नोकरीच्या मुलाखतीआधी कोणीतरी ते नाव शोधणारच आहे आणि चार वर्षांनी फोटो काढून टाका म्हणून विनंती येते, तेव्हा संपादक नवे असतात आणि परवानगी दिली होती की नाही याची नोंद कुठेच नसते. नोंद ठेवा.

नवखी_बातमीदार
खूप उपयोगी. पण नशेत असलेल्या माणसाची प्रतिक्रिया घ्यावी का?

डेस्कवरचा_माणूस
मुलाखती ११ ते १२ मध्ये उरक. बारानंतर फक्त मंचावरची भाषणं आणि निरीक्षण. तरी कोणी बोललंच, तर फोन नंबर घे, दुपारी ४ च्या आत फोन करून त्याचं वाक्य वाचून दाखव. तेव्हा ओळख पटली नाही किंवा त्याला आठवलं नाही, तर ते वाक्य वापरू नकोस.

धुरापलीकडचे लोक शोध: स्वच्छता कर्मचारी, मन्रो स्ट्रीटवरचे विक्रेते. १ जानेवारी २०२६ पासून राज्याने घाऊक विक्रीवर २४ टक्के कर लावलाय, त्याआधीचा किरकोळ विक्रीवरचा १० टक्के आणि ६ टक्के विक्रीकर आहेच. चळवळ म्हणून सुरू झालेल्या मेळाव्यात आता दुकानदार कराबद्दल काय म्हणतात, हे विचारायलाच हवं.

सोमवारी विद्यापीठ पोलिसांची गुन्हेनोंद बघ. केंद्रीय कायद्याने ती ठेवावीच लागते आणि मागच्या ६० दिवसांची कोणालाही पाहता येते. परवानग्या आणि साफसफाईचा खर्च यांसाठी माहितीचा अर्ज आत्ताच टाक. मिशिगनमध्ये उत्तराला कामाचे ५ दिवस, वाढवून आणखी १० लागतात, म्हणजे मेळावा झाल्यावर अर्ज केलास तर पाठपुराव्याची बातमी शिळी होईल.

वक्त्याने "भारतात हे कायदेशीर आहे" म्हटलं, तर तसंच छापू नकोस. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे भारताच्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा आणि चरस म्हणजे राळ, दोन्ही गुन्ह्यात येतात. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून भांग वेगळी ठरते. इंग्रजीत तिन्ही एका शब्दात जातात.

कागदपत्र
व्हिसाचं. बातमी लिहिणं हा गुन्हा नाही, तिथे उभं राहणंही नाही. पण केंद्राच्या कायद्यात गांजा नियंत्रितच आहे आणि व्हिसा केंद्राकडे आहे, राज्याची सूट तिथे चालत नाही. अमेरिकेत प्रवेश नाकारायला शिक्षा झालेलीच असावी लागत नाही, गुन्ह्याची कबुली पुरते. ३० ग्रॅमच्या आतल्या एकाच प्रकरणाची जी सवलत लोक सांगतात, ती हद्दपारीच्या कलमात आहे. प्रवेश नाकारण्याच्या कलमात ती तशी नाही.

म्हणून हातात काही धरायचं नाही, फोटोपुरतंही नाही. कोणाचं दुसऱ्याला द्यायचं नाही, स्टॉलवर देऊ केलेली गांजा घातलेल्या खाऊची पुडी बॅगेत टाकायची नाही. "मीही चाखून पाहिलं" या धाटणीचा लेख कितीही आग्रह झाला तरी लिहू नका, मित्रांच्या ग्रुपवर गमतीतही नाही. वृत्तपत्र मानधन देत असेल, तर ते तुमच्या व्हिसात बसतं का हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात आधी विचारा. पोलिसांनी थांबवलं तर ओळखपत्र दाखवा, बातमीदार असल्याचं सांगा, पदार्थाबद्दलच्या प्रश्नांना उत्तर न देता वकील मागा. छपाईबद्दल कायदेशीर शंका असेल तर स्टुडंट प्रेस लॉ सेंटर १९७४ पासून विद्यार्थी पत्रकारांना मोफत सल्ला देतं. त्यांचा नंबर शनिवारी सकाळीच वहीत लिहून घ्या, फोनची बॅटरी थंडीत लवकर उतरते.