छंदांची यादी आणि देवनागरीचे काम

संकेतस्थळे आणि अ‍ॅप बनवणाऱ्या डिजिटल एजन्सीने आपल्या संकेतस्थळावर कर्मचाऱ्यांचे छंद छापणे ही निव्वळ सजावट असते, असे एक मत आहे. बहुतेक ठिकाणी ते खरेही आहे. कोणाला ट्रेकिंग आवडते हे वाचून ग्राहकाच्या पदरात काही पडत नाही. मात्र मराठी अ‍ॅपचे काम असेल आणि गटात सुलेखनाची आवड असलेला एखादा सहकारी असेल, तर फरक लगेच जाणवतो. स्क्रीनचा आराखडा बहुधा इंग्रजी मजकुरावर बेतलेला असतो आणि बटणाची उंचीही त्याच हिशेबाने ठरते. मग अँड्रॉइडवर कोणी नीटनेटकेपणासाठी ‘इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग’ (ओळीच्या वर-खाली जादा जागा राखणारी सोय) बंद केले, की ‘नोंदणी’वरचा अनुस्वार किंवा ‘र्की’वरचा रफार कापला जाण्याची शक्यता असते. अक्षराकडे निरखून पाहण्याची सवय असलेल्याला ते पहिल्याच स्क्रीनवर खटकते. चाचणीच्या यादीत ते सहसा नसतेच.

प्रोग्रामिंगमध्येही हेच. ‘क्षी’ हे वाचकाच्या लेखी एकच अक्षर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला संगणकासाठी क्रमांक (संकेतांक) देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, क, हलन्त, ष आणि दीर्घ वेलांटी असे ४ संकेतांक. त्यामुळे संपूर्ण नावासाठी २० संकेतांकांची मर्यादा घातली, की मराठी नाव मध्येच तुटते. अशी जोडाक्षरे एकसंध मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. जुन्या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) चालणाऱ्या अ‍ॅपला तो आपोआप मिळत नाही आणि हे ध्यानात यायला गटात रोज मराठीत टंकणारे कोणीतरी लागते.