मदत हवी आहे : रूट भरलंय आणि रिकामी जागा नको त्या बाजूला आलीय

मंडळी, लॅपटॉप जुना आहे, ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज १० च्या शेजारी लिनक्स मिंट. मिंट बसवताना रूटला, म्हणजे सिस्टिम राहते त्या पार्टिशनला (डिस्कच्या भागाला), '३० जीबी खूप झाले' म्हणून मोकळी झाले, ते आता भोवतंय. काल अपडेट मध्येच अडकलं. जागाच नाही म्हणे.

डिस्कवरचा क्रम डावीकडून असा : चिमुकलं ईएफआय (मशीन सुरू होताना लागणारं), मग विंडोजचं सी, रूट ३० जीबी, स्वॅप ८ (रॅम अपुरी पडली तर वापरायची जागा) आणि शेवटी होम १७७ (माझ्या फायली). परवा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ६० जीबीने कमी केलं. ते काम बिनबोभाट झालं. पण मिळालेली जागा सी आणि रूटच्या मध्ये आली. आता मिंटमध्ये जीपार्टेड (पार्टिशन बदलायचं साधन) उघडलं तर रूटसमोर किल्लीचं चित्र दिसतं, आणि रूट त्या जागेत काही केल्या वाढवू देत नाही.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू करून, हे जमतं असं वाचलं. मला भीती विजेची आहे. आमच्याकडे दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, एरवीही कधी जाईल सांगता येत नाही, आणि या लॅपटॉपची बॅटरी जेमतेम १० मिनिटं तग धरते. होममध्ये मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत. बॅकअप आहे, पण अर्धाच. काय करू?

प्रतिसाद १
किल्ली म्हणजे ते पार्टिशन माउंट आहे, वापरात आहे. ज्या फांदीवर बसलोय ती हलवता येत नाही, म्हणून पेनड्राइव्ह. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) उजवीकडे वाढवणं मिनिटाभराचं काम. डावीकडे वाढवायचं तर पार्टिशनची सुरुवातच सरकते, म्हणजे आतलं सगळं उचलून अलीकडे मांडायचं. मध्येच वीज गेली तर अर्धा संसार जुन्या घरात, अर्धा नव्या. त्या बॅटरीवर मी तरी हात लावणार नाही.

त्यापेक्षा स्वॅप उडवा. ते रूटच्या उजवीकडे आहे, तेवढे ८ जीबी रूटला जोडा आणि नवं स्वॅप त्या ६० जीबीत करा. नव्या स्वॅपचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) वेगळा असतो, तो एफस्टॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांच्या यादीत) बदलायला विसरू नका, नाहीतर दर वेळी सुरू होताना मशीन जुन्या स्वॅपची दीड मिनिट वाट बघत बसेल.

प्रतिसाद २
युक्ती झकास, पण आधी रूटमध्ये भरलंय काय ते तरी बघा! होम वेगळं असताना मिंटला ३० जीबी इतक्या लवकर अपुरे पडायला नकोत. टाइमशिफ्ट चालू आहे का? सांगितलं नाही तर ते स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमच्या त्या त्या वेळच्या प्रती, रूटवरच साठवतं. असतील तर टाइमशिफ्टमधूनच काढा, फोल्डर हाताने उडवू नका.

धागाकर्ती
अहो, टाइमशिफ्टच! ९ स्नॅपशॉट, १३ जीबी. शेवटचा ठेवून बाकीचे काढले. अपडेट मॅनेजरमधून जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) काढले तेव्हा आणखी थोडी जागा सुटली. अपडेट पूर्ण झालं.

मग त्या ६० जीबीचं काय? तिथे नवं ईएक्सटी४ पार्टिशन करून टाइमशिफ्टला देऊ का? एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) केलं तर विंडोजलाही वापरता येईल, असाही विचार आहे.

प्रतिसाद २
ईएक्सटी४च करा. एनटीएफएसवर टाइमशिफ्ट स्नॅपशॉट ठेवत नाही. आणि रिकाम्या जागेत नवं पार्टिशन करायला पेनड्राइव्हही लागत नाही, चालू मिंटमधूनच होईल. फक्त त्याला बॅकअप समजू नका. डिस्क एकच आहे, ती गेली की स्नॅपशॉटही गेले. शिवाय टाइमशिफ्ट मुळात सिस्टिमसाठी आहे, होममधल्या फायली ते आपणहून घेत नाही.

धागाकर्ती
झालं. रूट जागचं हललं नाही, स्वॅपही आहे तिथेच. प्रतिसाद १ ची युक्ती वहीत लिहून ठेवली आहे. फोटोंसाठी भावाची बाहेरची डिस्क मागवली आहे, ती येईपर्यंत जीपार्टेड उघडणार नाही.