रिच्युअल म्हणजे विधी की कर्मकांड? (उत्खननाच्या संदर्भात)

मंडळी, उत्खननावरचा एक लेख मराठीत करतेय आणि त्यात दर दोन ओळींनी रिच्युअल येतंय. रिच्युअल बाथ, रिच्युअल पिट, रिच्युअल स्ट्रक्चर. विधी, कर्मकांड, संस्कार, पूजाअर्चा, यातलं काय घ्यायचं? सध्या सरसकट 'धार्मिक विधी' टाकलंय पण खटकतंय, कारण मूळ वाक्यात धार्मिक कुठेच नाहीये.

*

कर्मकांड अजिबात नको. रोजच्या बोलण्यात आपण ते नावं ठेवायलाच वापरतो, 'नुसतं कर्मकांड चाललंय' वगैरे. संस्कार म्हटलं की मुंज नाहीतर बारसं आठवतं. विधीच बरा, प्रातर्विधीपासून अंत्यविधीपर्यंत सगळीकडे चालतो, ठरलेल्या रीतीने करायची गोष्ट एवढाच त्याचा अर्थ, त्यात देव असायलाच हवा असं काही नाही, म्हणून 'धार्मिक' काढूनच टाका. (सुटा शब्द विधी, दीर्घ. संस्कृत शब्दाच्या सुरुवातीला जोडून आला की ऱ्हस्व, विधिवत.)

पण माझ्या मते खरी अडचण शब्द कुठला यापेक्षा तो कधी लावायचा ही आहे. कालीबंगनचंच बघा. हडप्पा (सिंधू) संस्कृतीचं गाव, राजस्थानात हनुमानगड जिल्ह्यात, घग्गर नदीच्या काठी. १९६० च्या दशकात बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं. बालेकिल्ल्याच्या दक्षिण भागात कच्च्या विटांच्या चौथऱ्यावर एका ओळीत सात खड्डे मिळाले, आतून मातीने लिंपलेले, त्यात राख, कोळसा, मधोमध मातीचा उभा खुंट, शिवाय भाजक्या मातीच्या चकत्या. शेजारी विहीर आणि न्हाणीची फरसबंदी. आता मराठीत याला सर्रास 'यज्ञकुंड' लिहितात. यज्ञकुंड वाचलं की आहुती, मंत्र, पुरोहित सगळं आपोआप आत येतं, आणि यातलं काहीच त्या खड्ड्यात सापडलेलं नाही, सापडली ती राख! चौथऱ्यावर सात ओळीने आणि शेजारी आंघोळीची सोय, एवढ्यावरून तिथे काहीतरी विधी होत असावा हे मला पटतं. पण तसलेच खड्डे त्याच गावातल्या साध्या घरांतही आहेत, तिथे ती चूल किंवा शेगडी का नसावी? दोन्हीकडे एकच शब्द ठोकला की हा प्रश्न वाचकाला पडतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आधी काय मिळालं ते लिहा, 'राखेने भरलेले खड्डे', आणि मग 'उत्खनन करणाऱ्यांच्या मते ते विधीसाठी होते'.

मोहेंजोदारोचं रिच्युअल बाथही तसंच. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, २.४ मीटर खोल, पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर, दोन्ही टोकांना पायऱ्या. पाणी साठवायला बांधलंय हे नक्की, स्नान कशासाठी ते विटा सांगत नाहीत. आपल्याकडचा 'महास्नानगृह' हा शब्द छान आहे, तो जास्तीचं काही बोलत नाही. तोच ठेवा.

*

वरचं मान्य, पण याचा अर्थ 'कळलं नाही की विधी म्हणतात' असं हसून प्रत्येक ठिकाणी विधी खोडायचा असं होऊ नये. इनामगाव बघा, हजारो वर्षांपूर्वीची वस्ती, पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजचं उत्खनन. लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्या माणसांच्या दफनात घोट्याखालचे पाय तोडलेले. आणि हे एखाद्या ठिकाणी नाही, पुन्हा पुन्हा तसंच. इथे मी बिनदिक्कत 'अंत्यविधी' लिहीन, 'बहुधा' पण लावणार नाही. पाय का तोडले, मेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून, हा मात्र तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच लिहावा. माझ्यासाठी कसोटी हीच, एकच कृती त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा केलेली दिसते का. एकट्यादुकट्या विचित्र वस्तूवरून विधी म्हणू नये.

*

आणि 'मंदिर' शब्दाला पण जपा हो. तुर्कस्तानातल्या गोबेकली टेपेला आपले पेपर 'जगातलं पहिलं मंदिर' म्हणतात. जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट यांनी १९९५ पासून तिथे खोदकाम केलं, तिथे कोणी राहत नव्हतं, लोक फक्त विधींसाठी जमायचे असं त्यांचं मत होतं. नंतरच्या कामात राहत्या घरांसारख्या इमारती निघाल्या, धान्य दळायचे दगड तर हजारोंनी मिळालेत. मंदिर म्हटलं की आपल्याला गाभारा आणि मूर्ती दिसते, तिथे आहेत ते साडेपाच मीटरपर्यंत उंचीचे, इंग्रजी टी अक्षरासारखे खांब.

*

सगळ्यांचे आभार. मग रिच्युअल स्ट्रक्चरला 'विधीसाठी बांधली असावी अशी वास्तू' करते. लांबलचक होतंय, चालेल का?

*

चालेल. पहिल्यांदा पूर्ण लिहा, पुढे नुसतं 'वास्तू'. आणि कालीबंगनच्या घरांतल्या खड्ड्यांना चूलच लिहू नका लगेच, तोही अंदाजच आहे.